लॉरेन्स मन्रो क्लाउबर

लॉरेन्स मन्रो क्लाउबर (२१ डिसेंबर, १८८३ – ८ मे, १९६८) हे अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सॅन डिएगो येथील विद्युत अभियंता, उद्योगव्यवस्थापक आणि सरीसृपांचे अभ्यासक होते. उत्तर अमेरिकेतील रॅटलस्नेक, म्हणजेच शेपटीच्या टोकाला खुळखुळा असणाऱ्या विषारी सापांवरील विसाव्या शतकातील सर्वांत मोठे अधिकारी अभ्यासक म्हणून ते ओळखले जातात. प्राणिशास्त्राची कोणतीही पदवी त्यांच्याकडे नव्हती. दिवसा गॅस व वीज पुरवणाऱ्या कंपनीचा कारभार पाहायचा आणि ऋतू अनुकूल असेल तेव्हा रात्री मोटारीने वाळवंटातील रस्त्यांवर साप मोजायचे, असा त्यांचा क्रम अनेक वर्षे चालला. दोन खंडांतील ‘रॅटलस्नेक्स’ (१९५६) हा त्यांचा प्रमुख ग्रंथ होय. तथापि वाळवंटी सरीसृपांच्या आजच्या संवर्धनकार्यात ग्रंथापेक्षाही त्यांच्या नोंदवह्या व संग्रह अधिक उपयोगी पडतात.

जन्म, घराणे व शिक्षण

क्लाउबर यांचा जन्म सॅन डिएगो येथे एका ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. त्यांचे वडील अब्राहम क्लाउबर हे मूळचे बोहेमियाचे, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील. सॅन डिएगो हे किनाऱ्यावरचे लहानसे गाव असताना ते तेथे आले आणि घाऊक किराणा व्यापारात त्यांनी जम बसवला. अब्राहम व थेरेसा या दांपत्याच्या बारा अपत्यांपैकी लॉरेन्स हे सर्वांत धाकटे. त्यांची बहीण अॅलिस क्लाउबर ही चित्रकार म्हणून नावारूपाला आली आणि सॅन डिएगोच्या कलाजीवनात तिला मानाचे स्थान मिळाले.

लॉरेन्स यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातून १९०८ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्यानंतर ईस्ट पिट्सबर्ग येथील वेस्टिंगहाउस कंपनीत त्यांनी उमेदवारी केली. तेथील शिक्षण पुरे झाल्यावर ते आपल्या गावी परतले. पुढे त्यांचा विवाह ग्रेस गूल्ड यांच्याशी झाला. त्यांना एक मुलगी व एक मुलगा अशी दोन अपत्ये झाली.

वीज कंपनीतील कारकीर्द

१९११ मध्ये क्लाउबर सॅन डिएगोच्या गॅस व वीज कंपनीत विजेच्या जाहिरात-फलकांचे विक्रेते म्हणून रुजू झाले. तेथून पायरीपायरीने चढत ते महाव्यवस्थापक, कंपनीचे अध्यक्ष आणि शेवटी संचालक मंडळाचे अध्यक्ष झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नौदलाचा तळ व विमानांचे कारखाने यांमुळे सॅन डिएगोची वस्ती झपाट्याने वाढली. वाढत्या शहराला वीज पुरवण्याची जबाबदारी याच काळात त्यांच्यावर होती. कंपनीच्या इतिहासात त्यांचे स्थान मोठे आहे. परंतु त्या शहराबाहेर त्यांचे नाव टिकले ते सापांमुळे.

सापांकडे वळण

१९१५–१६ मध्ये सॅन डिएगो येथे भरलेल्या पनामा-कॅलिफोर्निया प्रदर्शनानंतर मागे राहिलेल्या प्राण्यांतून तेथील प्राणिसंग्रहालय उभे राहिले. संग्रहालय नवे होते, पैसा बेताचा होता आणि साप ओळखणारा जाणकार जवळपास कोणी नव्हता. क्लाउबर यांना सापांची हौस आहे हे ठाऊक असल्याने काही साप ओळखून देण्यासाठी त्यांना बोलावण्यात आले. १९२० च्या दशकाच्या आरंभीची ही गोष्ट. तेव्हा त्यांचे वय चाळिशीला टेकले होते. साप ओळखण्यासाठी त्यांनी उपलब्ध पुस्तके चाळली, तेव्हा आपल्याच जिल्ह्यातील सापांविषयीची माहिती किती तुटपुंजी व परस्परविरोधी आहे हे त्यांच्या ध्यानात आले. लवकरच ते संग्रहालयाच्या सरीसृप विभागाचे मानद सल्लागार झाले. हे नाते अखेरपर्यंत टिकले.

सुरुवातीच्या लेखनापैकी एक महत्त्वाचा लेख १९२७ मध्ये सर्पविषप्रतिबंधक लस तयार करणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. नैर्ऋत्य अमेरिकेच्या टोकाकडील रॅटलस्नेक हा त्याचा विषय होता. लस बनवायची तर कोणत्या प्रदेशात कोणता साप आढळतो व त्याचे विष किती, हे आधी माहीत हवे. त्यामुळे सर्पसर्वेक्षणाला त्या काळात वैद्यकीय महत्त्वही आले होते.

मराठी वाचकाला येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. रॅटलस्नेक हे साप फक्त अमेरिका खंडांत आढळतात, भारतात नाहीत. मात्र सह्याद्रीतील हिरवा चापडा हा त्यांचा दूरचा नातलग आहे. दोघांच्याही डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये उष्णता टिपणारी खळगी असते आणि तिच्या साहाय्याने अंधारातही उष्ण रक्ताच्या भक्ष्याचा ठाव लागतो. रॅटलस्नेकपैकी साइडवाइंडर नावाची जात वाळूवर अंग आडवे फेकत तिरकी चालते. आपल्याकडील फुरसेही याच रीतीने चालते. फुरसे आणि साइडवाइंडर हे जवळचे नातलग नव्हेत. सैल वाळूवर चालण्याची ही रीत दोघांनी स्वतंत्रपणे साधली आहे.

सॅन डिएगोचा भूप्रदेश

क्लाउबर यांचे काम समजण्यासाठी त्यांच्या जिल्ह्याची रचना पाहावी लागते. पश्चिमेला प्रशांत महासागराचा थंड, धुकट किनारा आहे. त्याच्या पूर्वेला दऱ्याखोरी, मग टेकड्या, मग सुमारे २,००० मीटरपर्यंत चढणारे ओक व पाइन वृक्षांचे डोंगर. डोंगरांच्या पलीकडे जमीन एकदम खाली कोसळते आणि बोरेगो खोऱ्याचे रखरखीत वाळवंट सुरू होते. समुद्रापासून त्या वाळवंटापर्यंतचे अंतर सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्या थोड्या अंतरात हवामान व वनस्पती इतक्या बदलतात की एकाच सापाचे किनाऱ्यावरचे व वाळवंटातले रूप वेगळे दिसते. क्लाउबर यांनी जिल्ह्याचे सहा पट्टे पाडले: किनारा, अंतर्गत खोरी, टेकड्या, डोंगर, वाळवंटाच्या पायथ्याचा भाग आणि वाळवंट. मिळालेला प्रत्येक साप, सरडा, बेडूक कोणत्या पट्ट्यातला हे त्यांनी नोंदवले. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण सीमेवरील सापांचे सांख्यिक सर्वेक्षण १९३१ मध्ये आणि तेथील उभयचर व सरीसृपांची टिपणांसह सूची १९३४ मध्ये, अशी त्यांची दोन्ही प्रकाशने सॅन डिएगोच्या प्राणिसंस्थेने काढली.

वाळवंटातील रात्री

क्लाउबर यांच्यापूर्वी वाळवंटातील सापांचा शोध बहुधा दिवसा व पायी घेतला जाई. दगड उलथायचे, झुडपांच्या मुळाशी पाहायचे, बिळे उकरायची, अशी ती पद्धत होती. तिच्यात मुख्य अडचण अशी की उष्ण महिन्यांत वाळवंटातील बहुतेक साप दिवसा बाहेर पडतच नाहीत. जमिनीचे तापमान त्यांना काही मिनिटांत मारील इतके चढते. ते बिळात वा वाळूखाली असतात आणि सूर्यास्तानंतर बाहेर येतात. परिणामी जे साप क्वचित दिसत ते दुर्मीळ समजले जात.

१९२० च्या दशकात सॅन डिएगोहून वाळवंटाकडे मोटारीचे रस्ते होऊ लागले. अंधार पडल्यावर दिव्यांच्या उजेडात सावकाश मोटार चालवत रस्त्यावर आडवे येणारे साप शोधायचे, ही युक्ती क्लाउबर यांनी पद्धतशीरपणे वापरली आणि तिला शास्त्रीय सर्वेक्षणाचे रूप दिले. दिवसभर तापलेला डांबरी रस्ता रात्री उशिरापर्यंत ऊब धरतो. शिवाय मोकळ्या, सपाट पृष्ठावर लहानसा सापही उजेडात चटकन दिसतो. साप दिसला की मोटार थांबवायची, उतरून तो पकडायचा, कापडी पिशवीत घालायचा आणि लगेच नोंद करायची. वाचताना हे सोपे वाटते. दिवसभराची नोकरी करून डोंगर ओलांडायचे, मध्यरात्रीपर्यंत रस्ता न्याहाळायचा आणि सकाळी पुन्हा कचेरीत हजर व्हायचे, हे ऋतूमागून ऋतू करणे मात्र सोपे नव्हते.

नोंदीत त्यांचा खरा वेगळेपणा होता. जात, स्थळ आणि तारीख यांबरोबर वेळ, हवेचे तापमान, वारा, चंद्रप्रकाश, आणि त्या रात्री किती मैल रस्ता तपासला हेही ते लिहीत. साप किती मिळाले याच्या जोडीला ते मिळवण्यासाठी श्रम किती पडले याचा हिशेब त्यात होता. एका रात्री दहा साप मिळाले, या विधानाला एकट्याने फारसा अर्थ नाही; दहा मैलांत दहा आणि शंभर मैलांत दहा यांत दसपटीचा फरक आहे. वीज कंपनीत किती युनिट निर्माण झाले आणि किती वाटेत गळाले हे रोज पाहणाऱ्या माणसाला हा हिशेब स्वाभाविक वाटला असावा. त्या काळच्या बऱ्याच प्राणिशास्त्रज्ञांना तो सुचला नव्हता.

या रात्रींनी काही जुने समज उलटवले. पानासारखा रुंद खवला नाकाडावर असलेला एक लहान, फिकट साप जगभरच्या संग्रहालयांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच होता आणि अतिदुर्मीळ गणला जाई. योग्य महिन्यांत, योग्य वेळी रस्त्यावर गेल्यावर तो नेहमीचा साप निघाला. याच सापाच्या एका उपजातीला क्लाउबर यांनी १९३५ मध्ये प्राणिसंग्रहालयातील आपले सहकारी सी. बी. पर्किन्स यांचे नाव दिले. पट्टेदार वाळवंटी पालीचीही हीच कथा. दिवसा क्वचित सापडणारी ही पाल रात्री रस्त्यावर सहज दिसू लागली. आपल्याकडील वाळ्यासारखे दिसणारे, गांडुळाएवढे बारीक सापही त्यांना या पद्धतीने पुरेशा संख्येने मिळाले आणि त्या गटाचा सविस्तर आढावा त्यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध केला.

वाळवंटाचे ऋतुचक्रही या नोंदींतून स्पष्ट झाले. हिवाळ्यात साप बिळांत निपचित असतात. वसंतात ते बाहेर येतात; तेव्हा संध्याकाळी लवकर, कधी दिवसाही दिसतात. पुढे उष्मा वाढतो तशी त्यांची हालचाल रात्रीकडे सरकते आणि वसंताचा शेवट ते उन्हाळ्याचा आरंभ हा सर्वेक्षणाचा भरघोस काळ ठरतो. भर उन्हाळ्यात संख्या पुन्हा रोडावते. उभयचरांचे गणित निराळे आहे. वाळवंटातील काही भेक वर्षाचा बराचसा काळ जमिनीखाली काढतात आणि उन्हाळी वळिवाने डबकी साचली की एका रात्रीत बाहेर येतात. त्यांच्यापैकी एका जातीची अंडी ते इवला भेक ही सारी वाढ अनुकूल स्थितीत आठ-दहा दिवसांत उरकते, कारण डबके त्याहून फार काळ टिकत नाही. अशा प्राण्यांचे सर्वेक्षण चुकीच्या आठवड्यात केले तर तेथे भेक नाहीतच असा निष्कर्ष निघेल. कोणत्या ऋतूत व कोणत्या वेळी पाहिले हे लिहून ठेवल्याखेरीज नाही या उत्तराला किंमत नसते, ही गोष्ट क्लाउबर यांच्या कामातून ठळकपणे पुढे आली.

या सर्व अनुभवाचे संकलन ‘रखरखीत नैर्ऋत्य भागातील सरीसृपजीवनाचे अभ्यास’ अशा अर्थाच्या शीर्षकाने १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा पहिला भाग रात्रीच्या संकलनाला वाहिलेला आहे. दुसऱ्या भागात वाळवंटी सरीसृपांच्या रंगाविषयी तर्क आहेत. फिकट वाळूवरचे साप फिकट का, हा रंग लपण्यासाठी की ऊन परतवण्यासाठी, असे प्रश्न त्यात हाताळले आहेत. प्रवास कोणताही असो, त्यांची वही सोबत असे. हूव्हर धरणाचे बांधकाम चालू असताना त्या बाजूला केलेल्या प्रवासात वाटेवर दिसलेले उभयचर व सरीसृप यांवरही त्यांनी १९३२ मध्ये टिपण प्रसिद्ध केले.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगणे आवश्यक आहे. रस्त्यावर दिसणारे साप हे हिंडणारे साप असतात. जी जात कमी हिंडते किंवा डांबर टाळते ती मोजणीत कमी भरते. त्यामुळे मैलांमागे सापांचे प्रमाण म्हणजे त्या प्रदेशातील सापांची घनता नव्हे. एकाच रस्त्यावर, एकाच ऋतूत, वेगवेगळ्या वर्षी केलेल्या मोजण्यांची तुलना मात्र त्यावरून करता येते.

संख्याशास्त्राचा उपयोग

सापांची जात ठरवताना खवल्यांच्या ओळी, पोटावरील पट्ट, शेपटीची लांबी, अंगावरील ठिपके अशा गोष्टी मोजतात. पूर्वी दोन-चार नमुन्यांवरून नवी जात जाहीर करण्याची चाल होती. क्लाउबर यांनी शेकडो नमुने मोजले आणि दोन गटांतील फरक खरा आहे की योगायोगाचा, हे संख्याशास्त्राच्या कसोट्यांवर तपासले. सरीसृपशास्त्रात सांख्यिक पद्धतींचा इतका सातत्याने वापर करणारे ते पहिल्या अभ्यासकांपैकी होत. या विषयावरील त्यांचे चार निबंध १९४१ मध्ये एकत्रित प्रसिद्ध झाले. शेपटीच्या लांबीतील नर-मादी भेदावरील १९४३ चा निबंध आणि त्यातील विचलन-गुणांक पुढील अभ्यासकांनी बराच काळ वापरला.

त्यांनी ५० पेक्षा अधिक नव्या जाती-उपजातींचे वर्णन केले. ग्रँड कॅन्यनच्या दरीतील रॅटलस्नेक तसेच निसर्गअभ्यासक फ्रँक स्टीफन्स यांच्या नावाचा रॅटलस्नेक ही दोन्ही वर्णने १९३० मधली, तर कोलोरॅडो वाळवंटातील साइडवाइंडरचे वर्णन १९४४ मधले आहे. यांपैकी काही नावे पुढील काळात, विशेषतः जनुकीय अभ्यास आल्यावर, रद्द झाली किंवा त्यांचा दर्जा बदलला. मोजमापे मात्र वापरात राहिली आहेत.

‘रॅटलस्नेक्स’ हा ग्रंथ

१९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात कंपनीतून निवृत्त झाल्यावर क्लाउबर यांनी तीन दशकांची टिपणे एकत्र केली. १९५६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मुद्रणालयाने ती दोन खंडांत, सुमारे १,५०० पृष्ठांत प्रसिद्ध केली. सापाची शरीररचना, वाढ, अन्न, प्रजनन, शीतनिद्रा, विष, दंश, उपचार, सापांचा बंदोबस्त आणि लोकसमजुती असा त्याचा विस्तार आहे. खुळखुळ्याच्या कड्या मोजून सापाचे वय काढता येते, ही अमेरिकेतील रूढ समजूत. क्लाउबर यांनी वाढीच्या मोजमापांवरून दाखवले की कडी वर्षाला नव्हे, तर प्रत्येक वेळी कात टाकल्यावर वाढते. साप वर्षातून एकाहून अधिक वेळा कात टाकू शकतो आणि जुन्या कड्या झिजून तुटत राहतात.

लोकसमजुतींचा त्यांनी उपहास केला नाही. त्या कोठून आल्या असाव्यात हे शोधून जमेल तेथे त्या प्रयोगाने तपासल्या. अॅरिझोनातील होपी लोकांच्या सर्पनृत्यावर सरीसृपशास्त्राच्या दृष्टीने लिहिलेला त्यांचा निबंध १९३२ चा आहे.

ग्रंथातील एक भाग आता कालबाह्य झाला आहे आणि तो वाचताना सावधगिरी हवी. सर्पदंशावरील उपचारांची चर्चा त्या काळच्या वैद्यकावर आधारलेली आहे. जखमेला छेद देणे वा विष चोखणे यांसारखे उपाय आजचे वैद्यक नाकारते. दंश झालेल्याला विनाविलंब रुग्णालयात नेऊन प्रतिविष देणे हाच आजचा मार्ग आहे. ग्रंथाची दुसरी आवृत्ती लेखकाच्या मृत्यूनंतर १९७२ मध्ये आणि संक्षिप्त आवृत्ती १९८२ मध्ये निघाली.

गणित

क्लाउबर यांचा गणिताचा छंदही उल्लेखनीय आहे. पूर्णांक त्रिकोणाकृती ओळींत मांडले असता मूळ संख्या काही उभ्या व तिरक्या रेषांवर दाटतात, असे त्यांनी १९३२ मध्ये अमेरिकेच्या गणित मंडळापुढे दाखवले. याच जातीची सर्पिल मांडणी स्टानिस्लाव उलाम यांनी १९६३ मध्ये स्वतंत्रपणे केली आणि ती उलाम सर्पिल म्हणून प्रसिद्ध पावली.

संग्रह आणि संवर्धन

क्लाउबर यांनी जमवलेले ३५,००० हून अधिक सरीसृप व उभयचर सॅन डिएगोच्या निसर्गेतिहास संग्रहालयात मद्यार्कात जतन केलेले आहेत. एवढे प्राणी मारून बरण्यांत ठेवणाऱ्या माणसाला संवर्धनाच्या इतिहासात स्थान द्यावे काय, असा प्रश्न विचारला जातो आणि तो रास्त आहे. आज एवढ्या प्रमाणावर संकलनाला परवानगी मिळणार नाही. क्लाउबर यांच्या काळात रॅटलस्नेक दिसेल तेथे मारणे हे नागरी कर्तव्य समजले जाई. त्यांच्या ग्रंथातही सापांच्या बंदोबस्ताच्या उपायांना जागा आहे, त्याबरोबरच उंदीरवर्गीय प्राणी खाऊन साप शेतीचा जो लाभ करतात त्याचीही चर्चा आहे. ते संवर्धनवादी चळवळीचे पुढारी नव्हते, आणि तसे त्यांना ठरवण्याचे कारण नाही.

असे असले तरी ज्या सापांना मारले जाई, ज्यांची मोजदाद करावी असे कोणालाही वाटत नव्हते, त्यांची मोजदाद त्यांनी अधिवास शाबूत असताना करून ठेवली. बरणीतील प्रत्येक नमुन्याला स्थळ व तारीख आहे. त्यांनी अभ्यासलेल्या किनारपट्टीचा मोठा भाग महायुद्धानंतर घरांखाली व रस्त्यांखाली गेला. तेथे पूर्वी काय होते हे सांगणारा जो पुरावा उरला आहे त्याचा बराचसा भाग या संग्रहात आहे. डोंगरापलीकडचे चित्र थोडे बरे आहे. बोरेगोच्या परिसरात १९३० च्या दशकात स्थापन झालेले अँझा-बोरेगो राज्य उद्यान आज कॅलिफोर्नियातील सर्वांत मोठे राज्य उद्यान आहे. परंतु वाळवंटात इतरत्र शेती, वाळूवर चालणारी वाहने आणि रस्ते यांचा ताण वाढतच गेला.

ज्या रस्त्याने वाळवंटी सापांचे दर्शन सुलभ केले त्याच रस्त्याने ते मरूही लागले. क्लाउबर यांच्या काळात रात्री वाळवंटात मोटारी तुरळक होत्या. वाहतूक वाढली तसा उबेसाठी किंवा पलीकडे जाण्यासाठी डांबरावर आलेला साप चाकाखाली येण्याचा संभव वाढला. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अॅरिझोनातील ऑर्गन पाइप कॅक्टस राष्ट्रीय स्मारकातून जाणाऱ्या महामार्गावरील सर्पमृत्यूंचे मापन केले गेले. त्याची पद्धत क्लाउबर यांच्यासारखीच होती, म्हणजे ठरलेला रस्ता, ठरलेले ऋतू, मैलांचा हिशेब आणि जिवंत व मृत सापांची नोंद. रात्री रस्त्यावरून मोटार चालवत करायची ही गणना आजही वाळवंटी सर्पसर्वेक्षणाची एक मान्य पद्धत आहे. वाटेत येणारे प्राणी अलगद पडावेत म्हणून जमिनीत पुरलेल्या बादल्या, दगडांखालचा शोध आणि भेकांच्या आवाजांची नोंद या अन्य पद्धतींबरोबर ती वापरली जाते. प्राणी मोजून, मापे घेऊन, छायाचित्र वा सूक्ष्म ऊतकनमुना घेऊन त्याला तेथेच सोडून देतात, हा मुख्य बदल.

सॅन डिएगो व त्याच्या शेजारच्या प्रदेशातील ज्या प्राण्यांना पुढे संरक्षणाची गरज भासली त्यांत कोरड्या ओढ्यांच्या वाळूत राहणारा आरोयो भेक येतो. त्याला १९९४ मध्ये संकटग्रस्त घोषित करण्यात आले. सपाट शेपटीच्या शिंगी सरड्यासाठी संबंधित शासकीय यंत्रणांनी १९९७ मध्ये संवर्धन करार केला. या सरड्याच्या मेक्सिकोतील आढळावर क्लाउबर यांनी १९३२ मध्येच टिपण लिहिले होते. अशा प्राण्यांचा पूर्वीचा विस्तार ठरवताना जुन्या संग्रहांवर विसंबावे लागते.

मान्यता, निधन व नावे

क्लाउबर अमेरिकेतील मत्स्य व सरीसृप अभ्यासकांच्या संस्थेचे १९३८ ते १९४० या काळात अध्यक्ष होते. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९४१ मध्ये त्यांना सन्माननीय पदवी दिली. सॅन डिएगोमध्ये त्यांना लोक रॅटलस्नेकवाले गृहस्थ म्हणूनच ओळखत. ८ मे, १९६८ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. प्राणिसंग्रहालयातील सर्पगृहाला त्यांचे व त्यांचे कनिष्ठ सहकारी चार्ल्स शॉ यांचे नाव जोडलेले आहे.

अनेक प्राण्यांच्या शास्त्रीय नावांत क्लाउबर यांचे नाव गुंफले आहे. त्यांत पोर्तो रिकोतील एक चिमुकली पाल, दक्षिण कॅलिफोर्नियाच्या डोंगरांतील मोठ्या ठिपक्यांचा सॅलॅमँडर आणि खडकाळ डोंगरांतील एक पट्टेदार रॅटलस्नेक यांचा समावेश होतो. वाळवंटी सर्वेक्षणाच्या दृष्टीने यांत सर्वांत महत्त्वाचा आहे तो अॅरिझोनातील ट्यूसॉन परिसराचा फावड्या नाकाचा साप. वाळूत पोहल्यासारखा सरकणारा हा लहान, पट्टेदार, निरुपद्रवी साप असून या उपजातीला १९४१ मध्ये क्लाउबर यांचे नाव देण्यात आले. या सर्पगटाचा आढावा क्लाउबर यांनी स्वतः १९५१ मध्ये घेतला. ट्यूसॉनजवळच्या आव्रा खोऱ्यातील रस्त्यांवर पूर्वी रात्री हमखास दिसणारा हा साप शेती व वसाहती पसरल्यावर तेथे दिसेनासा झाला. २००४ मध्ये त्याच्या संरक्षणासाठी अमेरिकेच्या केंद्रीय वन्यजीव यंत्रणेकडे अर्ज करण्यात आला. २०१० मध्ये तो संरक्षणास पात्र ठरला, पण अन्य प्राण्यांना अग्रक्रम असल्याने प्रतीक्षायादीत ठेवला गेला. २०१४ मध्ये, जनुकीय अभ्यासातून त्याचा विस्तार पूर्वीच्या समजुतीपेक्षा मोठा असल्याचे दिसून आल्यावर, त्याला यादीतून वगळण्यात आले.